मेणवलीच्या वाड्यातले नाना

विशेष प्रतिनिधी, सांगोला

मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्यास गेला तो सांगोल्यावरून, असे म्हटले तर भूगोलाच्या दृष्टीने ते चमत्कारिक वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते खरे आहे. १७५० च्या सप्टेंबरात प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्याच्या किल्ल्याच्या आश्रयाने बंड करून राहिला होता. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी सदाशिवरावभाऊ माणदेशात उतरले. बंड मोडले, आणि त्याच मुक्कामी छत्रपती रामराजांनी राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हाती देणारा करार मान्य केला. शाहू महाराजांच्या निधनाला तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. आज डाळिंबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्या कराराची आठवण फारशी कोणी काढत नाही. पाठ्यपुस्तकातही त्याला एखादी ओळच मिळते.

या करारानंतर सत्तेबरोबर आणखी एक गोष्ट पुण्यात स्थिरावली, ती म्हणजे दप्तर. कोणत्या सरदाराकडे किती सरंजाम, कोणत्या परगण्याचा वसूल किती, कोणाचे देणे थकले आणि कोणाला इनाम मिळाले, या साऱ्यांच्या नोंदी जेथे होतात तेथेच राज्य असते. सांगोल्याचा करार झाला त्या वर्षी बाळाजी जनार्दन भानू हा मुलगा आठ वर्षांचा होता. पुढे पंचवीसएक वर्षे मराठी राज्य त्याच्या लेखणीच्या टोकावर तोलले गेले. महाराष्ट्र त्याला नाना फडणवीस म्हणून ओळखतो.

नानांविषयी वाचायचे म्हटले तर पुस्तकांना तोटा नाही. नानांना पाहायचे असेल तर मात्र पुणे सोडून वाईला जावे आणि तेथून तीन किलोमीटरवरचे मेणवली गाठावे. ज्या शनिवारवाड्यात त्यांनी राज्य चालवले, तो १८२८ च्या आगीत जळाला. तट, दरवाजे आणि जोती उरली. पुण्यातला त्यांचा स्वतःचा वाडा, म्हणजे नानावाडा, उभा आहे. पण त्याच्यावर पुढच्या काळाची इतकी पुटे चढली आहेत, की मूळ घरधनी त्यात शोधावा लागतो. मेणवलीचा वाडा मात्र अजून घरासारखा आहे. जाड भिंती, एकामागून एक येणारे सहा चौक, सागवानी खांब, कोरीव तुळया, काही भिंतींवर टिकून राहिलेली पौराणिक प्रसंगांची चित्रे, आणि मागच्या अंगाला थेट कृष्णेत उतरणारा देखणा दगडी घाट. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन मंदिरे आहेत. झाडांच्या सावलीत पायऱ्यांवर बसले, की वाईच्या बाजारपेठेचा गलका खूप दूर राहिल्यासारखा वाटतो.

मेणवली नानांना इनाम मिळाले ते १७६८ साली. पंतप्रतिनिधी भवानराव त्रिंबक आणि साताऱ्याचे मंत्री रघुनाथ घनश्याम यांनी ते दिले. नानांचे वय तेव्हा सव्वीस. त्यांनी गावाची मांडणी केली, घाट बांधवला, देवळे उभारली आणि १७८० च्या सुमारास वाडा पूर्ण केला. सालांकडे लक्ष दिले तर एक गोष्ट ध्यानात येते. हे बांधकाम चालू होते ती बारा वर्षे नानांच्या आयुष्यातली सर्वांत धकाधकीची होती. थोरल्या माधवरावांचा मृत्यू, नारायणरावांचा खून, बारभाईंची मसलत आणि इंग्रजांशी युद्ध हे सारे याच काळातले. निवांतपणा मिळण्याची मुळीच शक्यता नसलेला माणूस निवांतपणासाठी घर बांधत होता.

भानू घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. समुद्रकाठचे हे गाव अलीकडे कासवांच्या पिल्लांमुळे पर्यटकांना ठाऊक झाले आहे. शेजारच्या श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू एकमेकांच्या आधाराने घाटावर आले. बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि भानूंकडे फडणिशी आली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ मध्ये पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले होते; तेथल्या दंग्यात ते मारले गेले. पेशव्यांच्या घराण्याशी भानूंचे नाते असे रक्ताने लिहिलेले होते. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. वडील जनार्दनपंत लवकर गेले आणि चौदा-पंधराव्या वर्षी फडणिशीची वस्त्रे या मुलाच्या अंगावर आली.

फडणीस म्हणजे नुसता हिशेबनीस नव्हे. सरकारातून निघणारी सनद, नेमणूक, वरात, खर्चाची मंजुरी, सारे काही त्याच्या फडातून जावे लागे. तेथे नोंद झाल्याशिवाय पैसा हलत नसे आणि पैशाशिवाय फौज हलत नसे. रोजच्या किर्दीपासून वर्षाच्या ताळेबंदापर्यंत साऱ्या कागदांची साखळी त्याच्या नजरेखाली असे. थोरल्या माधवरावांच्या कडक शिस्तीत नाना या कामात पक्के झाले.

त्याआधी मात्र पानिपत झाले होते. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर तीर्थयात्रेच्या ओढीने आई आणि पत्नीसह निघालेला हा अठरा-एकोणीस वर्षांचा किरकोळ प्रकृतीचा तरुण १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून पायी, वेष पालटून, कसाबसा निसटला. पत्नी यशोदाबाई पुढे सुखरूप मिळाली. आई परतली नाही. नानांनी लिहिलेले छोटेखानी आत्मचरित्र याच काळापर्यंतचे आहे. मराठी गद्यातल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात तरुणपणीचे मनाचे चळ आणि रणांगणावरची भीती ज्या मोकळेपणाने येते, तो मोकळेपणा पुढच्या आयुष्यात नानांनी कोणालाच दाखवला नाही. पुढचे नाना बंद ओठांचे आहेत.

पेशवाईतले साडेतीन शहाणे प्रसिद्ध आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, तर नाना अर्धे. कारण त्यांना तलवार धरता येत नव्हती. पूर्ण शहाण्यांची नावे आज इतिहासाच्या विद्यार्थ्यांखेरीज कोणाला आठवत नाहीत, हा भाग वेगळा.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा गारद्यांकडून खून झाला आणि राघोबादादांनी गादी घेतली. त्या क्षणी बहुतेक कारभाऱ्यांना झाले ते निमूट स्वीकारणे सोयीचे होते. सखारामबापू, नाना, हरिपंत फडके आणि इतरांनी मिळून गंगाबाईंना पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या मुलाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. बारभाईंतले एकेक जण पुढे बाजूला पडले. नानांचे चुलतबंधू मोरोबा १७७८ मध्ये उलटले आणि कैदेत गेले; पाठोपाठ सखारामबापूही कैदेत गेले. बारभाईंचा कारभार एकट्या नानांचा झाला. ही गोष्ट राज्याच्या गरजेपोटी झाली की महत्त्वाकांक्षेपोटी, यावर इतिहासकारांत एकमत नाही. दोन्ही कारणे एकाच माणसात नांदू शकतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. नाना रणांगणावर गेले नाहीत, पण युद्धाचा प्रत्येक दोर त्यांच्या हाती होता. दरबारोदरबारी त्यांचे वकील बसलेले असत आणि त्यांची बातमीपत्रे सतत पुण्यास येत. सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच माणूस १७७७ मध्ये पुण्यात आला. त्याच्या हाती फारसे काही नाही हे ओळखूनही नानांनी त्याचा असा थाट ठेवला, की मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडे धास्ती बसावी. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडली गेली आणि तिला तह करावा लागला. पुढच्या वर्षी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका मसलतीत गोवण्याची अवघड कामगिरी नानांनी साधली. १७८२ च्या सालबाईच्या तहावर महादजी शिंद्यांनी मे महिन्यात सही केली. पण हैदरअलीच्या मृत्यूची बातमी येईपर्यंत नानांनी पुण्याची मान्यता लांबवली. तहानंतर वीस वर्षे इंग्रजांनी मराठ्यांशी लढाई केली नाही. या वीस वर्षांची किंमत १८०३ नंतर कळली.

नानांचा दुसरा चेहराही झाकू नये. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळादास त्यांच्या काळात, त्यांच्या मर्जीने वाढला. १७९१ मध्ये कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेकांचा गुदमरून मृत्यू झाला, लोक खवळले आणि घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. सगळ्या हिंदुस्थानातल्या बातम्या ज्यांना घरबसल्या कळत, त्यांना आपल्याच शहरातल्या कोतवालाचा जुलूम कळला नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले आणि त्यातल्या नानांवरून मोठा वाद उसळला. ते नाटक म्हणजे चरित्र नव्हे. तरीही आजच्या शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे नाना म्हटले की बहुधा रंगमंचावरचेच नाना उभे राहतात. नानांची नऊ लग्ने झाली होती, ही गोष्ट त्या प्रतिमेला पूरकच ठरली. वंश मात्र त्यांच्या मागे राहिला नाही.

मेणवलीत भेटतात ते नाना वेगळे, बांधकामाची हौस असलेले. पुण्यात त्यांनी बेलबाग उभारली. आज लक्ष्मी रस्त्याच्या गजबजाटात जिचे नाव चौकाला उरले आहे, ती लक्ष्मी-विष्णूच्या देवळाभोवतीची बाग होती. नऱ्हे-आंबेगावहून पाणी आणून सदाशिव पेठेतला हौद भरला. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला वाटसरूंसाठी दगडी तळे बांधले. लोहगडावर सोळा कोनांची बाव खोदवली. भीमाशंकराच्या देवळाचे काम काढले. यातली बहुतेक कामे पाण्याशी जोडलेली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वेळासच्या समुद्रकाठचे घराणे घाटावर येऊन पाण्याचे मोल शिकले होते म्हणावे काय? आमच्या सांगोल्यासारख्या पावसाची वाट पाहणाऱ्या तालुक्यातून तिथे गेलेल्या माणसाची नजर तरी आधी पाण्याकडेच जाते.

मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली घंटा पाहिल्याशिवाय कोणी परतत नाही. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथल्या चर्चमधल्या काही घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि देवळादेवळांत वाटल्या गेल्या. त्यांतली ही एक. मेरीची आकृती घासून टाकावी असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

कामाचा माणूस घरी कसा असतो, याची कल्पना कागदांवरून येते. १७८३ मध्ये सवाई माधवरावांचे लग्न झाले. त्याच्या व्यवस्थेच्या नानांनी केलेल्या याद्या प्रसिद्ध आहेत. कोणाकडे कोणते काम, पाहुण्यांची बडदास्त कशी ठेवायची, पंगत कशी मांडायची, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. राज्याची मसलत आणि पंगतीतला उदबत्त्यांचा बंदोबस्त या दोन्ही गोष्टींकडे तितक्याच गांभीर्याने पाहणारा हा गृहस्थ होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुढे पुण्यास आला. तरुण पेशव्यांसमवेत नानांचे जे चित्र त्याने काढले, त्यात सडपातळ, उभट चेहऱ्याचे, कमालीचे सावध नाना दिसतात. शेजारी बसलेला पेशवा टवटवीत आहे, पण चित्र पाहणाऱ्याची नजर आधी नानांकडे जाते. दरबारातही असेच होत असावे.

येथेच नानांच्या कारभाराचा दोष होता. हिशेब चोख होता. पण तो एकट्याच्या हातात होता. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले तेव्हा दोघांमधला मुख्य तंटा उत्तरेतल्या मोहिमांच्या खर्चाचाच होता. महादजी खर्च मागत होते आणि नाना जमाखर्च मागत होते. तंटा मिटतो न मिटतो तोच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीला वारले. तो नानांचा जन्मदिवस होता. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. जवळजवळ सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली आलेला तो अखेरचा प्रसंग. नानांचे वैभव तेव्हा शिगेला पोहोचले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या सज्जातून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. तापाच्या भरात तोल गेला की नानांच्या करड्या देखरेखीला कंटाळून उडी घेतली, याचा वाद आजही मिटलेला नाही. बंदिवासातल्या चुलत्याशी, म्हणजे राघोबादादांच्या मुलाशी, पेशव्यांनी चालवलेला पत्रव्यवहार नानांनी पकडला होता, एवढे खरे. एकवीस वर्षांच्या पेशव्याला स्वतःच्या मर्जीने पत्र लिहिण्याची मोकळीक नव्हती. ज्या मुलासाठी नानांनी राज्य राखले, त्याला राज्य करायला मात्र शिकवले नाही, हा आरोप त्यांच्या चाहत्यांनाही पुरता खोडता आलेला नाही.

त्यानंतरची पाच वर्षे पाहवत नाहीत. ज्याला गादी मिळू नये म्हणून वीस वर्षे खपले, त्या राघोबादादांच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला, पेशवा करण्याची पाळी आली. १७९६ मध्ये नानांना पुणे सोडावे लागले. वाईच्या बाजूला ते आले ते असे जीव मुठीत धरून. तेथून पुढे महाडला गेले. महाडला बसून त्यांनी पुन्हा एकदा सगळे दोर जुळवले आणि वर्ष संपण्यापूर्वी ते कारभारावर परतले. बुद्धीचा तो अखेरचा चमत्कार. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या गोटात परतभेटीला गेले असता मायकेल फिलोज या गोऱ्या सरदाराने शब्द मोडून त्यांना पकडले. अहमदनगरच्या किल्ल्यातली कैद, मग मोठी रक्कम भरून १७९८ मध्ये सुटका, पुन्हा नावापुरता कारभार, असे होत १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. मेणवलीत निवांत राहण्याचे साधले नाहीच. योगायोग असा, की नानांच्या अटकेला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि फौज पदरी बांधून घेतली.

नानांच्या मागे फडाचीही रया गेली. बाजीरावाने मुलखाचा वसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. मक्तेदाराला हिशेब ठेवायचा नसतो, फक्त पैसा काढायचा असतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी पुण्याचे दप्तर ताब्यात घेऊन तपासले, तेव्हा सवाई माधवरावांच्या काळापर्यंतचे कागद व्यवस्थित आणि पुढचे विस्कळीत, असे चित्र त्यांना दिसले.

मेणवलीचा वाडा टिकला, त्यामागे एका मुलीची कहाणी आहे. नानांची पत्नी जिऊबाई त्यांच्या मृत्यूच्या वेळी अगदी लहान होती. नानांचा खजिना कोठे आहे याचा बाजीरावाला ध्यास लागलेला. लोहगडचे किल्लेदार धोंडोपंत निजसुरे यांनी तिला गडावर आश्रय दिला आणि गड सोडला तो तिच्या सुरक्षिततेची हमी मिळाल्यावरच. जनरल वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने ती हमी दिली आणि वर्षाला बारा हजार रुपयांचे वेतन ठरले. काही काळ ती पनवेलला राहिली. मेणवली पुढे तिला परत मिळाले. १८५४ मध्ये ती वारली तोवर पेशवाई संपून छत्तीस वर्षे झाली होती. साताऱ्याचे राज्यही खालसा झाले होते. नानांनी ज्या घरात राहायचे ठरवले होते, त्या घरात त्यांच्या वतीने खऱ्या अर्थाने राहिली ती ही बाई.

वाड्यात कागदांचे गठ्ठे तसेच होते. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीचे दप्तर मिळवले, त्यातला बराच भाग ‘इतिहाससंग्रह’मधून छापला आणि उरलेला साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवला. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. अभ्यासकांना नानांच्या हातचे कागद आता तेथे पाहायला मिळतात.

वाडा मात्र आजही खाजगी आहे आणि त्याची देखभाल घराण्याकडेच आहे. ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’ आणि २००४ मधला ‘स्वदेस’ या चित्रपटांचे चित्रण येथे झाल्यापासून येणाऱ्यांची संख्या वाढली. बहुतेक जण घाटावर छायाचित्रे काढून निघून जातात. थोडा वेळ हाताशी असेल तर आतल्या चौकांतून सावकाश फिरावे, नानांचा म्हणून दाखवला जाणारा पलंग पाहावा आणि भित्तिचित्रांना हात न लावता त्यांच्यासमोर थोडे थांबावे. भिंतीला ओल लागली की रंगाचे पोपडे सुटतात. दरवर्षीचा पाऊस त्यातला काही भाग घेऊन जातो. जुन्या लाकडाची आणि चुन्याची दुरुस्ती जाणणारे कारागीर कमी झाले आहेत आणि असे काम एका घराला पेलणारे नाही. सोलापूर, पंढरपूरकडून येणाऱ्यांनी साताऱ्यावरून वाई गाठावी. वाईत रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती आहेच. सकाळी त्याचे दर्शन घेऊन मेणवलीला गेल्यास कृष्णेच्या घाटावर ऊन चढण्यापूर्वी पोहोचता येते.